देहलीवरील दुहेरी बटण : नाशिक येथील एका वाड्याच्या वाटणीचा अलिखित पुरावा

पोथी नकलून पुरी झाली म्हणजे लेखक अखेरीस एक मागणें मागतो, हें पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. पाठ, कंबर व मान मोडून हें लिहिलें आहे, तरी जतन करा, असें तो म्हणतो; आणि मग पोथीच बोलूं लागते, कीं मला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, ढिल्या बंधनापासून राखा, मूर्खाच्या हातीं देऊं नका. या चार भयांत तेल येतें आणि अग्नि येत नाहीं, याचें मला पुष्कळ दिवस नवल वाटे. दुसऱ्या एका तितक्याच प्रचलित श्लोकांत पाणी, अग्नि, चोर व उंदीर अशीं भयें मोजलीं आहेत, तेथें अग्नि आहे. परंतु पहिल्या श्लोकाच्या कर्त्यास अग्नीपेक्षां तेल जवळचें होतें. तो ज्या दिव्यापाशीं बसून लिहीत असे, त्याच दिव्याचें तेल पानावर ठिबकत असे. माझ्या लहानशा संग्रहांतील कितीएक पोथ्यांच्या समासांत असे पिवळट डाग आहेत. आणि एकाच प्रकरणाच्या पानांवर ते दाट दिसले म्हणजे तें प्रकरण रात्रीं वाचलें जात असे, असें अनुमान मी करितों. डाग हाही एक प्रकारचा लेखच आहे.

प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र तेलाचा दिवा नसून विजेचा आहे. जुन्या नाशकांतील आमच्या वाड्याच्या माडीवर पोथ्यांची एक खोली आहे. तींत एक दिवा होता. डोळे अधू होत चालल्यामुळें दुसरा हवा झाला. खोलीच्या दाराशीं, जिना जेथें संपतो तेथें, भिंतीवर दोन बटणांची एक लाकडी पाटी आहे. पैकीं एक बटण चालू व दुसरें कित्येक वर्षें निकामी होतें. त्या निकामी बटणास नवा दिवा जोडावा, इतकेंच काम होतें. तें करितांना जें आढळलें, तें आमच्या घराच्या वाटणीच्या इतिहासाचें एक पान असून कोणत्याही कागदांत तें लिहिलेलें नाहीं. गांवांतील जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत आणि असले पुरावे भिंतींतून उपटून भंगारांत जात आहेत, म्हणून विषय क्षुल्लक दिसला तरी तो संशोधकांपुढें ठेवण्याचें धाडस करितों.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. नाशिक व तेल यांचा संबंध फार जुना आहे. त्रिरश्मि पर्वतावरील लेण्यांत, ज्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात तेथें, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षाचा एक लेख आहे. विष्णुदत्ता नांवाच्या शक उपासिकेनें भिक्षुसंघांतील आजाऱ्यांच्या औषधासाठीं निरनिराळ्या श्रेणींपाशीं अक्षयनीवि, म्हणजे कायमची ठेव, ठेविल्याचें त्यांत नमूद असून त्या श्रेणींत तिलपिषकांची, म्हणजे तेल्यांची, श्रेणी आहे. हा लेख ख्रिस्ती शकाच्या तिसऱ्या शतकांतला. त्यांत दिव्याचा उल्लेख नाहीं, व तो ओढून आणण्याचें कारणही नाहीं. परंतु ठेव घेऊन तिचें व्याज नेमानें देण्याइतकी पत असलेली तेल्यांची संघटना या गांवीं तेव्हां होती, एवढें निश्चित.

पुढच्या काळांत देवस्थानांच्या इनामपत्रांत व हिशेबांत नंदादीप आणि दिवाबत्ती हीं कलमें वेगळीं पडलेलीं वाचकांनीं पाहिलींच असतील. पूजा, नैवेद्य व दिवाबत्ती यांची बेगमी निरनिराळी सांगितलेली असते, कारण दिवा म्हटला कीं त्याचें तेल, त्याची वात व तो लावणारा मनुष्य हीं तिन्ही त्याच्याबरोबर आलीं. वाड्यांत दिव्याची जागा म्हणजे भिंतींतली दिवळी. तिच्या माथ्यावरची काजळी आमच्या माजघरांत अद्याप आहे. देवघरांत समई व निरांजन, ओटीवर लामणदिवा किंवा उंच ठाणवई, बाहेर पडतांना दिवटी किंवा मशाल, आणि सरदारांच्या दिवाणखान्यांत शमादानें, हंड्या व झुंबरें. थाट निराळा असला तरी या सर्वांचा एक धर्म समान होता. प्रत्येक दिवा आपलें तेल आपल्याजवळ बाळगी. एका दिव्यानें दुसरा लावला, तरी लावण्याच्या क्षणापुरताच त्यांचा संबंध. नंतर ज्याचें तेल त्याला. संस्कृतांत तेलास स्नेह म्हणतात आणि वातीस दशा म्हणतात. या दोन श्लेषांवर कवींनीं शतकानुशतकें उपजीविका केली आहे.

शास्त्रकारांनींही दिव्यावरून एक न्याय काढिला आहे, त्यास देहलीदीपन्याय म्हणतात. उंबऱ्यावर ठेविलेला दिवा आंत व बाहेर दोन्हीकडे उजेड पाडतो, तसें वाक्यांतील एकच पद मागच्या व पुढच्या दोन्ही भागांस लागूं पडतें. हा न्याय मीं वर्गांत इतक्या वेळां सांगितला आहे, कीं त्यांत एक प्रश्न दडलेला आहे हें मला कधीं सुचलें नाहीं. उजेड दोन्हीकडे पडतो हें खरें, पण तेल कोणाचें? न्यायकर्त्यांस हा प्रश्न पडला नाहीं, कारण त्यांचा उंबरा एकाच घराचा होता.

वाटणीपत्रें चाळतांना याच कारणानें दिवा कोठें आढळत नाहीं. मीं पाहिलेल्या वाटणीपत्रांत विहीर सामाईक, जिना सामाईक, परसांतली वाट सामाईक, देवांची पूजा वर्षाआड, असा एकेक तपशील काळजीनें लिहिलेला आहे. दिवे येतात ते भांड्यांच्या यादींत, वजनानें. समई अमुक शेर पितळ म्हणून एकाच्या वाट्यास, तर घंगाळ दुसऱ्याच्या. तांबट व कासार यांच्या या गांवांत हें साहजिकच होतें. जिन्याच्या दिव्याची सोय कोणीं करावी, असें मात्र एकाही कागदांत नाहीं. जो जिना चढे, त्याच्या हातांत त्याचा दिवा असे. १८६५ सालीं कसाऱ्याच्या घाटांतून आगगाडी सुरू झाली, आणि पुढें राॅकेलचे डबे, कंदील व कांचेच्या चिमण्या गाडीनें येऊं लागल्या. त्यांनीं समईला देवघरांत कोंडलें. पण कंदीलही हातांतच होता, म्हणून या बाबतींत फरक पडला नाहीं.

फरक पडला तो विजेनें. मुंबईंत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ सालीं स्थापन झाली. १९१० सालीं हिंदुस्थानचा विजेचा कायदा झाला. १९१५ सालीं खोपोलीचें टाटांचें जलविद्युत् केंद्र सुरू झालें. लहान शहरांतून परवानाधारक खाजगी कंपन्यांनीं तारा नेल्या. १९६० सालीं राज्याचें विद्युत् मंडळ स्थापन झालें. नाशिकजवळ एकलहऱ्याचें औष्णिक केंद्र १९७० च्या सुमारास चालू झालें. आणि २००५ सालीं मंडळाचे भाग होऊन वितरणाचें काम महावितरणकडे गेलें. या सनावळींत आमच्या विषयाचें मर्म नाहीं. मर्म यांत आहे, कीं विजेचा दिवा आपलें तेल आपल्याजवळ बाळगीत नाहीं. तो जागेस खिळलेला असतो आणि त्याचें तेल भिंतींतून येतें. अर्थात् तें कोणाच्या भिंतींतून येतें, हा प्रश्न दिव्याच्या इतिहासांत प्रथमच उत्पन्न झाला.

आतां दोन बटणांच्या पाटीची रचना सांगितली पाहिजे, नाहीं तर पुढील हकीकत समजणार नाहीं. मीटरवरून दोन तारा निघतात. एकीस फेज म्हणतात व दुसरीस न्यूट्रल. फेज ही जिवंत तार. हात लागला तर प्राणावर बेतते. न्यूट्रल ही परतीची वाट. बटण नेहमीं फेजवर असावें असा नियम आहे, म्हणजे बटण बंद असतां दिव्याच्या खोबणीपर्यंत जीव पोंचत नाहीं. न्यूट्रलवर बटण बसविलें तरी दिवा लागतो व विझतो, पण विझलेल्या दिव्याची खोबणी जिवंत राहते. ही चूक जुन्या घरांत वारंवार आढळते. एका पाटीवर दोन बटणें असलीं म्हणजे फेज पहिल्या बटणाच्या एका टोकास येते, तेथून एक आंखूड तुकडा दुसऱ्या बटणाच्या त्याच बाजूच्या टोकास जातो, आणि दोन्ही बटणांच्या उरलेल्या टोकांतून दोन निरनिराळ्या तारा आपापल्या दिव्याकडे निघतात. न्यूट्रल पाटीच्या वाटेस न जातां दिव्यांकडे सरळ जाते. नवा दिवा पहिल्याबरोबरच लागावा अशी इच्छा असेल, तर त्यास पहिल्या दिव्याच्या तारांचाच फांटा पुरतो. स्वतंत्र लागावा असें वाटत असेल, तर त्यास आपलें बटण व आपली तार पाहिजे. माझी निवड दुसरी होती. पोथीस पुरेल तेवढाच उजेड हवा, खोली लखलखावयास नको.

ही रचना म्हणजे ग्रंथाचा मूळ पाठ झाला. प्रत्यक्ष घरांत मूळ पाठ क्वचितच मिळतो. आमच्या माडीवर तीन हात स्पष्ट ओळखूं येतात. सर्वांत जुना हात सागवानी पट्टीवर पितळी चिमट्यांनीं बसविलेल्या तारांचा. तार तांब्याची, तिच्यावर रबर व वरून विणलेलें सूत, आणि रबर इतकें वाळलेलें, कीं वांकवितांच भुगा होतो. दुसरा हात अल्युमिनमच्या तारेचा. तांब्याच्या टंचाईच्या काळांत ती देशभर घरोघर गेली. तिसरा हात अलीकडचा, प्लॅस्टिकच्या आवरणांतील तांब्याचा. दुसऱ्या हातानें पहिल्यास जेथें गांठ मारिली आहे, तेथें तांबें व अल्युमिनम नुसते पिळून वर काळी कापडी चिकटपट्टी गुंडाळली आहे. या दोन धातूंचें पटत नाहीं; अल्युमिनमवर पुट चढतें, सांधा सैल होतो, सैल सांधा तापतो. पोथी ज्याला ढिलें बंधन म्हणते तें हेंच, आणि येथें तें अग्नीला बोलावणें आहे. शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं पेटला. बुधवारवाडा १३ मे १८७९ रोजीं जळाला. त्या आगींशीं विजेचा कांहींएक संबंध नव्हता, पण सागवानी वाडा एकदां पेटला म्हणजे काय होतें हें त्या दोन दिवसांनीं दाखविलें आहे. माझ्या खोलींतील रुमालांत बांधलेल्या पोथ्या याच जातीच्या तक्तपोशीखालीं आहेत.

रंगांचीही तीच गत. लाल, पिवळी किंवा निळी तार फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, हा आपल्याकडचा संकेत. परंतु आमच्या घरांत दुसऱ्या हातानें, त्याच्या पिशवींत जें सांपडलें त्यावर काम उरकलें आहे. काळी तार फेज आहे आणि लाल न्यूट्रल. तारेचा रंग म्हणजे लेखनिकाची शाई. शाईवरून पाठाची शुद्धि ठरत नाहीं.

मीं बोलाविलेला वायरमन तरुण व चलाख होता. त्यानें खालीं जाऊन आमच्या मीटरजवळचा मुख्य खटका पाडला, वर येऊन पाटी उघडली, पहिल्या बटणास टेस्टर लावून पाहिला, टेस्टरांतला दिवा लागला नाहीं, आणि तो काम सुरू करणार इतक्यांत मीं त्यास दुसऱ्या बटणासही टेस्टर लावावयास सांगितलें. यांत माझें शहाणपण कांहीं नव्हतें. एका प्रतींत पाठ मिळाला म्हणून दुसरी प्रत न पाहणें, ही खोड मला लागलेली नाहीं, इतकेंच. त्यानें माझी समजूत राखावी म्हणून टेस्टर लाविला, आणि तो पेटला.

आमच्या घरांतली वीज सबंध बंद होती. दुसरें बटण मात्र जिवंत होतें.

त्या मुलाचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. त्यानें हात मागें घेतला आणि दोघे कांहीं वेळ पाटीकडे नुसते पाहत बसलों. मग त्यानें पहिल्या बटणापासूनचा आंखूड तुकडा शोधिला, तो नव्हताच. दोन बटणें एका पाटीवर शेजारीं बसलेलीं, पण त्यांचें अन्न निरनिराळ्या घरचें. शेजारच्या घराचें कनेक्शन खांबावरच्या दुसऱ्या फेजवर असतें, तर त्या दोन बटणांच्या टोकांत २३० नव्हे, ४०० व्होल्टांचें अंतर राहिलें असतें. आणि त्यानें न तपासतां आमच्या खोलींतील न्यूट्रल घेऊन नवा दिवा या बटणास जोडला असता, तर गळती होतांच पुरवठा तोडणारें जें यंत्र मीं मीटरजवळ बसवून घेतलें आहे, तें बटण दाबतांच पडलें असतें. कारण आमच्यांतून बाहेर न गेलेली वीज आमच्यांत परत येत आहे, हा हिशेबांतला घोळ त्यास ३० मिलिअँपिअरपासून कळतो. तें यंत्र नसतें, तर दिवा निमूटपणें लागला असता आणि कोणास कांहीं कळलें नसतें.

आतां वाटणी सांगावी लागते. वाडा मूळचा एक. आजोबा व त्यांचे धाकटे बंधु यांची वाटणी झाली ती गोडीनें झाली नाहीं. मधला चौक भिंत घालून तोडला गेला, जिना व माडीची दक्षिणेकडील बाजू आमच्याकडे आली, आणि दोन घरांचें बोलणें माझ्या लहानपणींही लग्नमुंजीपुरतेंच होतें. वाटणीपत्र माझ्याजवळ आहे. त्यांत विहीर आहे, भिंत आहे, पन्हळीचें पाणी कोणीकडे पाडावें तेंही आहे. विजेचें नांव नाहीं.

दुसऱ्या बटणाची तार आम्हीं पट्टीपट्टीनें मागें शोधीत गेलों. ती सागवानी पट्टीवरची, म्हणजे पहिल्या हाताची. ती जिन्याच्या वरच्या तोंडाशीं, जेथें पूर्वी दिव्याचा लाकडी गट्टू होता तेथें, फांटा देऊन मधल्या भिंतीकडे वळली होती, आणि भिंतींत बसविलेल्या चिनी मातीच्या नळींतून पलीकडे गेली होती. नळीवर चुन्याचे इतके हात बसले होते, कीं साठ वर्षें त्या भिंतीखालून ये-जा करूनही ती मला दिसली नव्हती.

येथें तीन तर्क संभवतात, आणि तिसरा मनांत आला तेव्हां मला बरें वाटलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पहिला तर्क, जुन्या वायरमननें सोय पाहून जवळची तार घेतली. दुसरा, पलीकडच्यांनीं जाणून हा दिवा दिला. तिसरा, आमच्या आजोबांनीं पलीकडची वीज गुपचूप वापरली. पहिला तर्क मोजपट्टीनेंच पडतो. आमच्या स्वतःच्या मीटरची तार त्या गट्टूपासून दोन हातांवरून जाते. पलीकडची आणण्यास दीड वीत भिंत फोडावी लागली आणि बारा हात पट्टी ठोकावी लागली. सोय पाहणारा मनुष्य असें करीत नाहीं. शिवाय फेज व न्यूट्रल दोन्ही पलीकडूनच आलेल्या होत्या. चोरी किंवा हयगय असती, तर न्यूट्रल घरचीच घेतली असती. तरी तिसऱ्या तर्काचा निकाल पलीकडे गेल्याशिवाय लागणार नव्हता.

पलीकडे आतां चुलत काकू व त्यांचा मुलगा राहतात. काकूंचें वय नव्वदीकडे आहे. त्यांच्या मीटरखालीं जुन्या लाकडी पाटीवर चिनी मातीचे चार फ्यूज ओळीनें आहेत, आणि प्रत्येकाखालीं लाकडावर काळ्या तैलरंगानें बारीक अक्षरांत कांहीं लिहिलेलें आहे. मुलास तीं अक्षरें नक्षी वाटत होतीं. तीं मोडी होतीं. ओटी, माजघर, माडी, आणि चवथ्या फ्यूजखालीं, जिना. त्या घरांत जिना नाहीं. वाटणीनंतर त्यांनीं चौकांतून लाकडी शिडी केली व पुढें ती काढून टाकिली. जिना एकच, तो आमच्या बाजूचा. अक्षर कोणाचें याविषयीं संशयास जागा नाहीं. आजोबांच्या धाकट्या बंधूंच्या हातची खतावणी काकूंच्या पेटींत आहे. तींतील ‘ज’ चें वळण व ‘न’ ची खालीं ओढलेली शेंडी ताडून पाहिली, दोन्ही जुळतात. चवथा फ्यूज काढतांच आमचें दुसरें बटण निर्जीव झालें.

मीं काकूंस विचारिलें. त्या म्हणाल्या, “अरे, तो दिवा आमचाच. मामंजींनीं घातला होता. तिकडे थोरल्या सासूबाई होत्या ना, त्यांना रात्रीं जिना दिसत नसे. दोनदां पडल्या होत्या म्हणे.” थोरल्या सासूबाई म्हणजे दोघां भावांच्या मातोश्री, वाटणींत त्या थोरल्याकडे, म्हणजे आमच्याकडे राहिल्या.

“काकू, तुम्हीं हें कधीं बोललां नाहीं,” मीं म्हटलें.

“बोलायचें कोणी आणि कोणाशीं? दोन घरांत बोलणें होतें कुठें! सासूबाई मला एवढेंच सांगायच्या, कीं चवथ्याला हात लावायचा नाहीं. मी कधीं लावला नाहीं.”

साक्षीचा हा भाग ऐकीव आहे. काकू सून होऊन आल्या तेव्हां दिवा लागून कांहीं वर्षें झालीं होतीं. परंतु फ्यूजखालचें अक्षर, भिंतींतली नळी व पट्टीची वांकडी वाट हे तीन पुरावे एकमेकांवर अवलंबून नसून तिन्ही त्याच बाजूस नेतात, म्हणून दुसरा तर्क मी सिद्ध मानतों. बटण आमच्याकडे, दिवा आमच्या जिन्यावर, आणि बिल पलीकडे. आमच्याकडील कोणास हें ठाऊक होतें काय, याचा पुरावा मिळालेला नाहीं. वडिलांनीं जिन्याची दुरुस्ती केली तेव्हां तो दिवा काढून टाकिला व टोकांस चिकटपट्टी गुंडाळली, हें मला आठवतें. पलीकडे विचारलें असतें तर त्यांस कळलें असतें. चिकटपट्टी गुंडाळलेली जिवंत टोकें त्यानंतर चाळीसांहून अधिक वर्षें माझ्या पोथ्यांपासून चार हातांवर होतीं.

काम पुढें असें झालें. जुनी तार नुसती आमच्या टोकास बंद न करितां तिच्या उगमापाशीं, म्हणजे काकूंच्या पाटीवर, सोडवून सबंध काढून टाकिली. दोन्ही बटणांस आमच्याच फेजवरून, आंखूड तुकडा घालून, अन्न दिलें. नव्या दिव्याकडे दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार नळींतून नेली, बरोबर अर्थची हिरवी तार नेली, आणि अल्युमिनमचा सांधा जेथें होता तो तुकडाच बदलला. दोन्ही खटके पाडून, चालू असलेल्या ठिकाणीं टेस्टर आधीं तपासून, मग पाटीस लावून, पुन्हां चालू ठिकाणीं तपासून हात घातला. टेस्टरही कधीं मुका होतो. दिवा नऊ वॅटचा एलईडी आहे. पूर्वीचा साठ वॅटचा गोळा जेवढा तापे तेवढा हा तापत नाहीं. पोथ्यांसारख्या नाजूक वस्तूंवर पन्नास लक्सपेक्षां अधिक उजेड पडूं देऊं नये असा संग्रहालयांचा दंडक आहे, म्हणून दिवा कपाटावर न टांगतां मेजाच्या डाव्या अंगास भिंतीवर घेतला आणि वाचून होतांच बंद करण्याची संवय लावून घेतली. ज्यांच्या संग्रहाच्या खोल्या अशाच जुन्या घरांत आहेत, त्यांनीं परवाना असलेल्या मनुष्याकडून एकदां सर्व पाट्या उघडवून पाहाव्यात. आणि उघडल्यावर, कांहीं काढण्यापूर्वीं, कोणती तार कोठून कोठें जाते याचा कागदावर आराखडा करून ठेवावा. आम्हीं केला. वाड्याचा नकाशा काढणारे खांब, तुळया व कमानी मोजतात. तारा कोणी मोजीत नाहीं.

एक शंका उरते ती नमूद करितों. खतावणींत विजेच्या बिलांच्या नोंदी आहेत, परंतु जिन्याचा दिवा वेगळा काढून दाखविलेला नाहीं. तसा तो असता, तर दिवा लागल्याचें सालही हातीं आलें असतें. रबर व सुताच्या तारेवरून एवढेंच म्हणतां येतें, कीं अल्युमिनमची तार नाशकांत रूढ होण्यापूर्वींचें हें काम आहे.

जुनी पाटी, पितळी टोपीचीं दोन बटणें, चिनी मातीची नळी व आराखडा हीं वाटणीपत्राच्या रुमालांत बांधून ठेविलीं आहेत. चवथा फ्यूज त्याखालच्या अक्षरांच्या फळीसह काकूंनीं दिला नाहीं. तो जागेवरच आहे.